भारतातला सुरुवातीचा सिनेमा आणि बोलपट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भारतात सिनेमा पहिल्यांदा कुठे आणि कधी दाखवला गेला?

७ जुलै १८९६ रोजी, मुंबईच्या वॉटसन हॉटेलात. ल्युमिए बंधूंचा माणूस मारियुस सेस्तिए यंत्र घेऊन आला होता. तिकीट एक रुपया, म्हणजे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचं. सहा छोट्या फिल्म दाखवल्या. प्रत्येक पट्टी साधारण ५० फुटांची आणि पडद्यावर ५० सेकंदांच्या आसपास चालणारी. काही दिवसांतच खेळ नॉव्हेल्टी थिएटरमध्ये हलले.

ल्युमिएंचं यंत्र एकच असलं तरी त्याने तीन कामं व्हायची: चित्रण, प्रत छापणं आणि पडद्यावर दाखवणं. त्यामुळे ते घेऊन फिरणाऱ्या माणसाला बरोबर कारखाना न्यावा लागत नसे. हा शोध पॅरिसहून मुंबईला सात महिन्यांत पोचला, त्याचं एक कारण हेही आहे.

त्याआधी इथे पडद्यावर चित्रं दाखवतच नव्हते का?

दाखवत होते. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांची 'शांबरिक खरोलिका' १८९२पासून चालू होती. काचेवर रंगवलेली चित्रं, मागे दिवा, जोडीला निवेदन आणि गाणं. हा सिनेमा नव्हे, कारण चित्र हलतं ते काच सरकवल्यामुळे. पण अंधारात बसून, पैसे मोजून, पडद्यावर पुराणकथा बघायची सवय प्रेक्षकाला आधीच लागली होती. 'राजा हरिश्चंद्र' काढणाऱ्या दादासाहेब फाळक्यांच्या प्रेक्षकाबद्दल बोलताना हे विसरून चालत नाही.

पहिला भारतीय चित्रपट 'पुंडलिक' की 'राजा हरिश्चंद्र'?

'चित्रपट' कशाला म्हणायचं, यावर उत्तर ठरतं. तारखाच बघायच्या तर दादासाहेब तोरण्यांचा 'श्री पुंडलिक' १८ मे १९१२ रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लागला. 'राजा हरिश्चंद्र' त्याच थिएटरात ३ मे १९१३ला आला. निमंत्रितांसाठी त्याचा खेळ २१ एप्रिलला ऑलिंपिया थिएटरात झाला होता. 'पुंडलिक' म्हणजे रंगमंचावर चाललेल्या नाटकाचं चित्रण. कॅमेरा चालवणारा इंग्रज, आणि फिल्म धुवायला लंडनला पाठवलेली. फाळक्यांनी मात्र पटकथेपासून प्रतीपर्यंत सगळं इथेच केलं.

आमच्या मते 'पहिला कथापट' हा मान 'हरिश्चंद्र'लाच जातो. पण म्हणून तोरण्यांचं नाव गाळणं हा अन्याय आहे. आणि निव्वळ 'भारतीयाने घेतलेली पहिली फिल्म' शोधायची तर दोघांच्याही मागे जावं लागतं. सावेदादा ऊर्फ हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी १८९९मध्ये हँगिंग गार्डनमधली कुस्ती टिपली होती. १९०१मध्ये रँग्लर परांजपे परत आले तेव्हाचं स्वागतही त्यांनीच टिपलं.

'राजा हरिश्चंद्र' ४० मिनिटांचा की तासाभराचा? दोन्ही वाचायला मिळतं.

मिनिटं बाजूला ठेवा आणि फूट धरा. जुन्या सिनेमाच्या कागदपत्रांत लांबी फुटांतच असते आणि बहुतेक घोळ तिथेच सुटतो.

३५ मिमी फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी, म्हणजे १६ सुटी छायाचित्रं असतात. मूकपटाचा कॅमेरा हाताने फिरवायचा. एका फेऱ्यात ८ चौकटी, सेकंदाला दोन फेरे, म्हणजे सेकंदाला १६ चौकटी. थोडक्यात, एक फूट म्हणजे एक सेकंद. बोलपटाची गती सेकंदाला २४ चौकटी, म्हणून मिनिटाला ९० फूट.

'हरिश्चंद्र' ३,७०० फुटांचा, चार रिळांचा. १६च्या गतीने तो ६१-६२ मिनिटं चालतो, २४च्या गतीने ४१ मिनिटं. ४०चा आकडा हा असा, बोलपटाच्या गतीने मोजल्यामुळे आलेला. प्रत्यक्षात हँडल फिरवणारा थकला की गती उतरायची आणि शेवटचा खेळ लवकर उरकायचा असला की चढायची. म्हणून मिनिटांचा आकडा 'सुमारे' म्हणूनच घ्यावा.

हाच हिशेब 'हरिश्चंद्र'च्या त्या वेळच्या जाहिरातीलाही लावून पाहा. ५७,००० छायाचित्रं, दोन मैल लांबीचं चित्र, आणि दर फक्त तीन आणे, अशी ती जाहिरात सांगतात. ५७,०००ला १६ने भागलं की ३,५६२ फूट येतात, म्हणजे चित्रांचा आकडा जवळपास बरोबर. दोन मैल म्हणजे मात्र १०,५६० फूट! छायाचित्रं मोजून सांगितली आणि मैल उत्साहात सांगितले.

फाळक्यांनी नेमकं स्वतः काय काय केलं?

१९११मध्ये ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिल्यावर ते या उद्योगामागे लागले. आयुर्विम्यावर कर्ज काढून १९१२च्या सुरुवातीला लंडनला गेले. तिथून विल्यमसन कॅमेरा, फिल्मला भोकं पाडायचं यंत्र, प्रत छापायचं यंत्र आणि कच्ची फिल्म आणली. भांडवलदाराला पटवण्यासाठी आधी 'अंकुराची वाढ' केली. कुंडीतलं रोप थोड्या थोड्या वेळाने एकेक चौकट घेऊन टिपायचं आणि सलग दाखवायचं, की अंकुर डोळ्यांदेखत वर येतो.

यातलं सर्वात कष्टाचं आणि सर्वात कमी बोललं जाणारं काम म्हणजे भोकं पाडणं. कच्ची फिल्म तेव्हा कडेला भोकं नसलेली मिळायची. एका चौकटीला प्रत्येक कडेला चार भोकं, म्हणजे फुटाला ६४. ३,७०० फुटांच्या एका प्रतीला एका कडेची दोन लाख छत्तीस हजारांवर भोकं होतात. त्यात निगेटिव्ह आणि वाया गेलेली फिल्म धरलेली नाही. हे सगळं अंधारात, चाचपडत करायचं, कारण उजेड लागला की फिल्म गेली. सरस्वतीबाई फाळके हे काम रात्री करायच्या. दिवसा ऊन परतवायला पांढऱ्या चादरी धरायच्या, फिल्म धुवायच्या, आणि युनिटचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच. भोकांचं अंतर केसभर चुकलं तरी पडद्यावर चित्र वरखाली उड्या मारतं. प्रयोगशाळेतली चूक अशी थेट प्रेक्षकाला दिसते.

कॅमेरा त्र्यंबक तेलंगांनी चालवला. हरिश्चंद्र दत्तात्रय दाबके झाले, रोहिताश्व फाळक्यांचा मुलगा भालचंद्र. चित्रण दादरला झालं. चित्रपटात काम करतो म्हणण्यात तेव्हा कमीपणा होता. म्हणून कोणी विचारलं तर 'हरिश्चंद्राच्या कारखान्यात आहे' असं सांगा, ही फाळक्यांची शिकवण.

तारामती पुरुषाने केली हे खरं का?

खरं. बायका मिळेनात, तमाशातल्या आणि कोठ्यावरच्याही नाही म्हणाल्या. शेवटी ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहातले आचारी अण्णा साळुंके तारामती झाले. तिथे पगार १० रुपये, फाळक्यांनी १५ देऊ केले. १९१७च्या 'लंकादहन'मध्ये याच साळुंक्यांनी राम आणि सीता दोन्ही केले.

पण 'बायका कितीतरी वर्षांनी आल्या' हे मात्र बरोबर नाही. १९१३मध्येच, 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या.

मूकपट खरोखर मुके होते का?

चित्र मुकं होतं, थेटर नव्हतं. पडद्यासमोर पेटी आणि तबला असायचा, मोठ्या शहरांतल्या इंग्रजी चित्रगृहांत पियानो किंवा वाद्यवृंद. शीर्षकांच्या पाट्या दोन-तीन लिप्यांत असत, आणि वाचता न येणाऱ्यांसाठी कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवी. वाचणारा नुसता वाचत नसे, पदरचं घालायचा. तलवारी, घोडे, पाऊस यांचे आवाज पडद्यामागून काढले जायचे.

फिरत्या तंबूत पडदा मधोमध असला तर लोक दोन्ही बाजूंना बसत. मागच्यांना पाट्या उलट्या दिसत, पण वाचून दाखवणारा असल्याने फारसं बिघडत नसे. प्रकाश मागून टाकायचा तेव्हा पडदा ओला करत. ओल्या कापडातून उजेड जास्त पार होतो. तो वाळला की चित्र अंधुक व्हायचं, मग पुन्हा पाणी.

जुन्या मूकपटात माणसं लुटुलुटु का पळतात?

तेव्हा तशी चालत नव्हती. १६च्या गतीने टिपलेली फिल्म २४च्या यंत्रावर लावली की सगळं दीडपट वेगाने होतं. उपाय दोन. गती बदलता येणारं यंत्र वापरायचं, किंवा प्रत काढताना दर दोन चौकटींमागे एक चौकट दुबार छापायची. दुसऱ्या उपायात वेग सुधारतो, पण हालचालीला बारीक ठेच लागते.

दुसरा दोष कमी लोकांच्या लक्षात येतो. मूकपटाची चौकट फिल्मची जवळजवळ पूर्ण रुंदी व्यापते. बोलपटात डावीकडची पट्टी आवाजासाठी राखीव असते. मूकपटाची प्रत बोलपटाच्या मापाने काढली की डावी कड जाते, आणि पाट्यांवरची पहिली अक्षरं कापली जातात. कुठल्या प्रतीत ओळी अर्ध्या शब्दाने सुरू होताना दिसल्या, तर समजा की दोष छापणाऱ्याचा आहे, पाटी लिहिणाऱ्याचा नाही.

फिल्मवर आवाज असतो म्हणजे नेमकं काय असतं?

चित्राशेजारी सुमारे अडीच मिलिमीटर रुंदीची पट्टी असते. मायक्रोफोनमधून आलेल्या विजेच्या चढउताराप्रमाणे तिच्यावर कमीजास्त उजेड पडतो. दोन पद्धती होत्या: एकीत पट्टीचा काळेपणा बदलतो, आडव्या फिक्या-गडद रेघा दिसतात. दुसरीत काळ्या भागाची रुंदी बदलते, करवतीच्या दात्यांसारखी.

दाखवताना उलटा प्रवास. एक्सायटर लॅम्प नावाच्या छोट्या दिव्याचा उजेड बारीक फटीतून पट्टीवर, पलीकडे उजेडाची वीज करणारा फोटोसेल, तिथून वीज ॲम्प्लिफायरला आणि पडद्यामागच्या भोंग्याला.

खुबी अशी की चित्र यंत्रातल्या दारासमोर, म्हणजे दिव्याचा उजेड जिथून जातो त्या खिडकीसमोर, क्षणभर थांबायला हवं आणि पुन्हा सरकायला हवं, तर आवाजाची पट्टी अजिबात न थांबता सेकंदाला १८ इंच या गतीने जायला हवी. एकाच जागी दोन्ही अशक्य. म्हणून आवाज त्याच्या चित्रापेक्षा २० चौकटी पुढे छापतात आणि मधे फिल्मचा सैल वेढा ठेवतात. रीळ चढवताना वेढा कमीजास्त झाला की ओठ आणि शब्द जुळत नाहीत. फटीवर धूळ बसली की आवाज बसका, गोधडीतून आल्यासारखा. आवाजाच्या जागी फिल्म डगमगली की सूर हेलकावतो. बोलण्यात हे खपतं, पण पेटीचा लांबवलेला सूर लागला की लगेच कळतं.

तबकडीवरचा आवाज म्हणजे काय?

आवाज फिल्मवर न छापता ग्रामोफोनसारख्या वेगळ्या तबकडीवर. प्रत्येक रिळासाठी १६ इंची तबकडी, मिनिटाला ३३⅓ फेरे. सुई आतून बाहेर जायची. १,००० फुटांचं रीळ बोलपटाच्या गतीने ११ मिनिटं चालतं, तबकडीही तेवढीच. आवाज चांगला असायचा. पण फिल्म तुटली आणि चार चौकटी कापून जोडली की पुढचं सगळं रीळ चार चौकटींनी चुकीचं. तितक्याच कोऱ्या चौकटी मधे घालणं हा एकच उपाय. उन्हात वाकलेली किंवा वाटेत फुटलेली तबकडी म्हणजे मुका खेळ. आपल्याकडच्या प्रवासाला हे सोसणारं नव्हतं, इथले निर्माते फिल्मवरच्या आवाजाकडे वळले.

'आलम आरा'चं चित्रण रात्री का करावं लागलं?

भारतातल्या या पहिल्या बोलपटाच्या स्टुडिओजवळून रेल्वे जायची. तेव्हाचा मायक्रोफोन चारी बाजूंचं ऐकायचा, नटाचा शब्द आणि गाडीची शिट्टी त्याला सारखेच. म्हणून रात्री एक ते चार, गाड्या थांबल्यावर. त्याचे निर्माते-दिग्दर्शक अर्देशीर इराणींनी तानार कंपनीचं ध्वनिमुद्रणाचं यंत्र आणलं. विलफर्ड डेमिंग या अमेरिकन तंत्रज्ञाकडून ते शिकून घेतलं आणि रुस्तम भरुचांसह ध्वनिमुद्रण स्वतःच केलं. चित्रपट १४ मार्च १९३१ला गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये लागला. लांबी १०,५०० फूट. गर्दी आवरायला पोलीस आले, आणि चार आण्यांचं तिकीट चार-पाच रुपयांना विकलं गेलं.

तानारचं यंत्र चित्र आणि आवाज एकाच निगेटिव्हवर घ्यायचं. स्वस्त आणि सुटसुटीत, पण पुढे त्रासाचं. एक, धुण्याची पद्धत दोघांना एकच. चित्राला मानवेल ती आवाजाला मानवेलच असं नाही. दोन, संकलन. आवाज २० चौकटी पुढे असल्याने चित्र जिथे कापाल तिथे आवाज भलतीकडे कापला जातो: नव्या दृश्याच्या सुरुवातीला पाऊण सेकंदाहून जास्त वेळ जुन्याचा आवाज येतो आणि नव्याचा तेवढाच गमावतो. म्हणून नटाने बोलण्याआधी आणि नंतर सेकंदभर गप्प राहायचं. त्या काळच्या बोलपटांतले ते अवघडलेले थांबे सगळेच वाईट अभिनयाचे नाहीत. तीन, नंतर संगीत मिसळायची सोय नाही. पेटी-तबलेवाले चित्रणाच्या वेळीच हजर, चौकटीच्या बाहेर किंवा झाडामागे. शेवटच्या ओळीला कोणी खोकला तर सगळं गाणं पुन्हा.

मग इतकी गाणी कशाला?

'आलम आरा'त सात गाणी होती. 'दे दे खुदा के नाम पे' हे वझीर महंमद खानांनी फकिराच्या भूमिकेत पेटी-तबल्याच्या साथीवर म्हटलं. पुढच्याच वर्षी मादन थिएटर्सच्या 'इंद्रसभा'त सत्तरच्या आसपास! त्यामागे यंत्र नव्हे, नाटक आहे. पारशी रंगभूमी आणि आपलं संगीत नाटक यांच्या प्रेक्षकाला गाण्याविना खेळ म्हणजे अर्धा खेळ. आवाज आल्यावर त्याने पहिली मागणी संवादांची केली नाही. दुसरं असं की भाषा न कळणारा प्रेक्षकही गाण्यासाठी बसून राहायचा, आणि भाषेची भिंत नुकतीच उभी राहिली होती.

म्हणजे भाषेचा प्रश्न बोलपटामुळे आला?

हो. मूकपटाची पाटी बदलली की तोच चित्रपट पेशावरपासून मद्रासपर्यंत चालायचा. १९३१मध्ये ही सोय संपली. त्याच वर्षी बंगाली 'जमाई षष्ठी' आणि तमिळ-तेलुगू 'कालिदास' आले. त्यांतला 'कालिदास' तेवढा इराणींच्या कारखान्यातला. पहिला मराठी बोलपट प्रभातचा 'अयोध्येचा राजा', १९३२. तो कोल्हापुरात 'अयोध्या का राजा' या हिंदी आवृत्तीसह झाला. डबिंगची खात्रीची सोय नव्हती, त्यामुळे त्याच सेटवर, त्याच उजेडात एक दृश्य आधी एका भाषेत आणि लगेच दुसऱ्या भाषेत घ्यायचं. सेट आणि कपडे यांचा खर्च वाचतो, फिल्म आणि नटाचा घसा दुप्पट लागतो. ध्वनिमुद्रण विष्णुपंत दामल्यांकडे होतं.

कथा पुन्हा हरिश्चंद्राचीच. पण १९१३ची तारामती आचारी होता, १९३२ची दुर्गा खोटे, प्रतिष्ठित घरातली शिकलेली स्त्री. हरिश्चंद्र झाले गोविंदराव टेंबे, संगीतही त्यांचंच.

बोलपटामुळे कोणाचं नुकसान झालं?

साथीच्या वादकांचं आणि पाट्या वाचणाऱ्यांचं सर्वात आधी. नटांत मूकपटाच्या सर्वात मोठ्या नायिका सुलोचना, म्हणजे रूबी मायर्स, यांना हिंदुस्थानी शिकण्यासाठी थांबावं लागलं. मास्टर विठ्ठल हे उडी-तलवारीचे नायक 'आलम आरा'त होते, पण उच्चार अडत असल्यामुळे त्यांच्या वाट्याला बोलणं कमीच आलं. फाळक्यांचा 'सेतुबंधन' १९३२मध्ये मूकपट म्हणून तयार झाला आणि नंतर त्याला आवाज द्यावा लागला. त्यांनी बोलपट एकच केला, १९३७चा 'गंगावतरण'.

पार्श्वगायन कधी सुरू झालं?

१९३५मध्ये, कलकत्त्याच्या न्यू थिएटर्समध्ये. नितीन बोसांचा बंगाली 'भाग्यचक्र' आणि त्याची हिंदी आवृत्ती 'धूप छाँव'. गाणं आधी मुद्रित करायचं, सेटवर भोंग्यातून वाजवायचं, नटाने ओठ हलवायचे. कॅमेरा आणि वाजवणारं यंत्र एकाच गतीने फिरायला हवं, नाहीतर अंतऱ्यापर्यंत ओठ मागे पडतात. नटाला गाता यायलाच हवं ही अट मात्र गेली.

सेन्सॉर कधी आलं?

कायदा १९१८चा, मंडळं १९२०पासून मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि रंगूनला. बाबूराव पेंटरांच्या 'सैरंध्री'तला (१९२०) कीचकवध इतका खरा वाटला की तो कापायला लावला. करमणूक कर बंगालमध्ये १९२२ला, मुंबई इलाख्यात १९२३ला.

'आलम आरा' आज कुठे बघायला मिळेल?

कुठेच नाही. प्रत उरलेली नाही; स्थिरचित्रं आणि जाहिराती आहेत. तेराशेच्या आसपास मूकपट झाले आणि पूर्ण-अपूर्ण मिळून फार थोडे शिल्लक आहेत. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४मध्ये स्थापन झालं, तोवर बहुतेक प्रती कुजल्या होत्या किंवा भंगारात गेल्या होत्या. फिल्मवरच्या थरात चांदी असते, ती काढून घ्यायला जुनी रिळं विकली जायची. २००३मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत साठवलेली नायट्रेट फिल्मही (झटकन पेटणारी जुनी फिल्म) गेली.

घरात जुनं रीळ सापडलं आहे. काय करू?

लावून बघू नका. आणि जाळून तर मुळीच बघू नका. आधी कडेवरची अक्षरं भिंगातून वाचा. 'सेफ्टी' लिहिलं असेल तर ॲसिटेट, म्हणजे सहज न पेटणारी फिल्म, असण्याची शक्यता मोठी. व्हिनेगरसारखा वास येत असेल तर तेही कुजतं आहे. 'नायट्रेट' लिहिलं असेल, किंवा काहीच लिहिलेलं नाही आणि रीळ ३५ मिमीचं, १९५२च्या आधीचं आहे, तर नायट्रेट धरूनच चाला. नायट्रेट जळताना स्वतःच प्राणवायू सोडतं, त्यामुळे ते पाण्यात बुडवलं तरी विझत नाही.

कुजण्याच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. आधी चित्र पिवळट होऊन फिकं पडतं, मग पट्टी चिकट होते, फोड आणि फेस येतो, शेवटी तपकिरी भुकटी. चिकट झालेलं रीळ ओढून सोडवू नका, वरचा थर निघून येतो. भुकटीच्या जवळ पोचलेलं रीळ साध्या उन्हाळ्याच्या उष्म्यानेही पेटू शकतं.

डबा गच्च बंद करू नका, प्लॅस्टिकच्या पिशवीत तर नाहीच. आतला वायू कोंडला की कुजणं वाढतं. माळ्यावर, पत्र्याखाली किंवा स्वयंपाकघराजवळ ठेवू नका. डब्यावरची चिठ्ठी, रिळाचा क्रमांक आणि सुरुवातीच्या चौकटी यांचे फोटो काढा. मग राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा आणि ते सांगतील तसंच पाठवा. साध्या टपालाने किंवा कुरिअरने पाठवायचा हा माल नव्हे.